खजिनदाराची पाठ झालेली प्रार्थना: थंडावलेल्या अंतःकरणाचे एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि ठिकाणांचे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत, चुकलेलेसुद्धा.

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवडमधली एक मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद, सुमारे नव्वद घरांची. तिचे खजिनदार 47 वर्षांचे, भोसरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरीला. मूळ गाव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. पणजोबांपासून घर ख्रिस्ती. शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची बायबल शाळा), मग तरुण संघ, मग पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार बघणारी समिती) असा नेहमीचा प्रवास. एप्रिल 2018 पासून मंडळीचा पैसाअडका त्यांच्याकडे. हिशेब चोख, वर्गणीची पावती त्याच रविवारी हातात. कुणाकडे मयत झाली की कबरस्तानाच्या कागदांसाठी पहिला फोन यांनाच.

बाहेरून पाहून या माणसाचे काही बिघडले आहे असे कुणी म्हटले नसते. बिघाड घरात कळला, तोही मुलीमुळे.

डिसेंबर 2023 मधली एक रात्र, जेवणानंतरची कौटुंबिक प्रार्थना. वडील डोळे मिटून म्हणत होते, “हे दयाळू स्वर्गीय बापा, आजच्या दिवसातल्या सर्व उपकारांबद्दल तुझे आभार मानतो, आलेल्यागेलेल्यांना आशीर्वाद दे, आजाऱ्यांना बरे कर...” आणि सोळा वर्षांची मुलगी ओठ हलवत तीच वाक्ये अर्धा शब्द आधी म्हणत होती. ‘आजाऱ्यांना’ म्हणण्याआधी ते रोज एकदा घसा खाकरत. तिने तोही आधीच खाकरला. आईने डोळे उघडले, दोघींना हसू आवरेना, प्रार्थना तिथेच थांबली. ते रागावले नाहीत. उठून गॅलरीत गेले आणि थोड्या वेळाने बायकोला म्हणाले, “तिचं काही चुकलं नाही. मी काय बोलतोय ते माझं मलाच ऐकू येत नाही.”

अडचण नेमकी कोणती

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते पाळकसाहेबांकडे, मंडळीच्या धर्मगुरूंकडे, गेले. पाळक आठ महिन्यांपूर्वीच बदलून आले होते आणि मंडळीतल्या भरवशाच्या माणसांवर त्यांची भिस्त होती. त्यांनी जे सांगितले ते नव्वद टक्के पाळक सांगतील: सेवेत राहा, ऊब आपोआप येईल. आणि जानेवारीतल्या घरोघरच्या प्रार्थनासभा चालवायला त्यांनाच दिल्या. तीन आठवड्यांत नऊ सभा. दर सभेत तीच पाठ झालेली प्रार्थना, आता परक्या घरांतसुद्धा. महिनाअखेर ते बायकोला म्हणाले की आता आपल्याला ढोंगी वाटायला लागले आहे.

मग बायकोनेच एक नाव सुचवले. मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका, वय 68, खजिनदारांच्या दिवंगत आईची मैत्रीण. घरात सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून इथेही तेच. मावशींनी उपदेश केला नाही. रुग्णाचा पूर्वेतिहास घ्यावा तशी चौकशी केली. दोन बैठका, प्रत्येकी दीड तास, त्यांच्या ओट्यावर. प्रश्न साधे होते. शेवटची मनापासून प्रार्थना कधी झाली, साधारण महिना-वर्ष? त्या सुमारास घरात, नोकरीत, मंडळीत काय बदलले? किती वाजता झोपता? कुणाशी बोलणे बंद आहे? कुणाला कळू नये असे काही आहे?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर आले, “तसं काही नाही.” ते खरे नव्हते, पण ते कळायला मार्च उजाडला.

बाकीच्या उत्तरांतून बरेच हाती लागले. नोव्हेंबर 2020 मध्ये आई गेली. दीड एकर वडिलोपार्जित जमिनीवरून आईच्या मातीच्या दिवशीच थोरल्या भावाशी कडाक्याचे भांडण झाले, तेव्हापासून बोलणे नाही. झोप साडेबाराच्या पुढे, हातात मोबाइल.

आणि एक गोष्ट अशी, जी इतकी वर्षे कुणाच्या लक्षातच आली नव्हती. या मंडळीत अर्पण उपदेशाच्या आधी गोळा होते. थैल्या आल्या की खजिनदार आणि आणखी एक जण त्या घेऊन वेस्ट्रीत (चर्चमधल्या बाजूच्या खोलीत) जातात, नोटा लावतात, नाणी मोजतात, पाकिटांवरचे आकडे रजिस्टरमध्ये चढवतात, दोघांच्या सह्या होतात. बाहेर यावे तो शेवटचे आशीर्वचन चाललेले असते. प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या) रविवारी ते शेवटच्या रांगेत घाईने येऊन भाकर आणि प्याला घेत. हिशेब केला तर जवळजवळ सहा वर्षे या माणसाने एकही उपासना सलग बसून केलेली नव्हती, आणि बहुतेक उपदेश भिंतीपलीकडून नुसते कानावर पडले होते. मंडळीत दर रविवारी हजर आणि उपासनेला सहा वर्षे गैरहजर!

हे एकट्या या माणसाचे नाही. साउंड सांभाळणारा, शब्बाथ शाळेच्या बाई, दारावरचे सेवक, कधीकधी खुद्द पाळक, सगळ्यांचा हाच धोका. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातली इफिसची मंडळी आळशी नाही. तिचे श्रम, तिची चिकाटी, खोट्यांना पारखण्याची तिची हुशारी प्रभू मोजून दाखवतो आणि मग म्हणतो की पहिली प्रीती सुटली. पुढे ज्या तीन गोष्टी करायला सांगितल्या आहेत, आठवण कर, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर, त्यांत ‘पुन्हा तसे वाटून घे’ ही आज्ञा नाही. कारण वाटणे कुणाच्या हातात नसते.

कोरडेपणाचे चार प्रकार आणि एक तपासणी

अंतःकरण थंडावले ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. थकलेल्या माणसाला पश्चात्ताप करायला लावले तर तो मोडतो. पाप झाकून बसलेल्याला विश्रांती दिली तर तो आणखी सुकतो.

थकवा पहिला. बायबलमधल्या 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा दूत त्याला आधी खायला देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. प्रश्न विचारले जातात ते नंतर, होरेब डोंगरावर. दुसरे कारण आजार, म्हणजे नैराश्य, थायरॉइड, रक्तक्षय. तिसरे, झाकलेले पाप किंवा तुटलेले नाते. स्तोत्र 32 मध्ये गप्प राहिल्याने हाडे झिजतात ती हीच अवस्था. चौथा प्रकार म्हणजे देवानेच आणलेला कोरडा काळ. त्याची पारख सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या क्रुसाच्या संत योहानाने तीन खुणांत सांगितली आहे: देवाच्या गोष्टींत रस नाही पण जगाच्या गोष्टींतही नाही, आपण देवापासून मागे पडतो आहोत ही टोचणी सतत आहे, आणि पूर्वीसारखे मनन करायला गेले तर जमतच नाही. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे नाव फारसे घेतले जात नाही, पण खुणा कामाच्या आहेत. खजिनदारांना क्रिकेटमध्ये, मोबाइलमध्ये, पुतण्याच्या लग्नाच्या फोटोंत रस होता. तेव्हा चौथा प्रकार मावशींनी बाजूला ठेवला.

आणखी एक जुने नाव इथे उपयोगी पडते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियसने साधूंना दुपारी जडणाऱ्या एका मरगळीचे वर्णन केले आहे. तिने पछाडलेला साधू सारखा बाहेर येऊन सूर्य बघतो की तिसरा प्रहर व्हायला अजून किती वेळ आहे. खजिनदारांनी आपण होऊन सांगितले होते की उपासनेत असतो तेवढा वेळ नजर भिंतीवरच्या घड्याळावर असते.

आजाराचे अंदाजाने ठरवू नये, हा परिचारिकेचा आग्रह. मावशींनी खजिनदारांना फॅमिली डॉक्टरकडे पाठवले. तिथे पी.एच.क्यू.-9 ही नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची तपासणी झाली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त आले तर पुढची तपासणी लागते. यांचे 8 आले. नववा प्रश्न जिवाला अपाय करण्याच्या विचारांचा असतो, त्यात शून्य. त्यात शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. प्रार्थनासभेची वाट बघायची नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ठीक, उपाशीपोटी साखर 118, म्हणजे सीमेवर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत. अकराच्या आत झोप, रोज चालणे आणि महिन्याने पुन्हा तपासणी.

पुढे असलेले पर्याय

खजिनदारांचा स्वतःचा कल सगळ्या पदांचा राजीनामा देण्याकडे होता. मावशींनी आणि पाळकांनी तो थांबवला. मन अंधारात असताना उजेडात घेतलेले निर्णय फिरवू नयेत, हा सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या संताचा नियम इथे आठवला गेला. नियम चांगला आहे, पण त्याचा गैरवापर सोपा आहे. मंडळीला माणूस हवा असतो आणि मग ‘आता निर्णय नको’ म्हणत थकलेल्याला खांद्यावर ओझे घेऊन उभे ठेवले जाते. इथे मधला मार्ग निघाला. पद वार्षिक सभेपर्यंत तसेच, मात्र रविवारची मोजणी लगेच बंद. चार जणांच्या दोन जोड्या लावल्या, एकाआड एक रविवार, आणि मोजणी उपासना संपल्यावर. थैल्या तोवर वेस्ट्रीच्या कपाटात, किल्ली पाळकांकडे. ज्या बदलाला सहा वर्षे कुणी हात लावला नाही त्याला वीस मिनिटांची चर्चा लागली.

दुसरा पर्याय तीन दिवसांच्या संजीवन सभेचा, म्हणजे विश्वास पुन्हा चेतवण्यासाठीच्या सभेचा. ते याआधी दोनदा जाऊन आले होते. “बुधवारपर्यंत टिकतं,” हे त्यांचेच शब्द. अशा सभांनी काही होत नाही असे नाही. पण केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या 1905 च्या जागृतीचे दाखले देताना आपण जूनअखेरची ती रात्र सांगतो आणि जानेवारीपासून पंडिता रमाबाईंबरोबर रोज प्रार्थनेला बसणाऱ्या बायकांचे महिने गाळतो.

बायकोचे मत होते की काही महिने दुसऱ्या एका फेलोशिपमध्ये जाऊन बघावे. तिथे गाणी जोरकस असतात, मुलीलाही आवडतात. यावर एकमत झाले नाही. शेवटी खजिनदारच म्हणाले की तिथेही चार महिन्यांत मला हिशेब बघायला सांगतील. विनोद होता, पण खरा होता.

राहिला शेवटचा आणि सगळ्यांत बेचव पर्याय: रोजचा थोडा, ठरलेला नेम आणि त्यावर नजर ठेवणारे एक माणूस. राखेचा बुधवार 14 फेब्रुवारी 2024 ला होता, ईस्टर 31 मार्चला. तो रविवार आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवसही होता. खजिनदाराच्या पंचांगात याहून वाईट योग सापडणार नाही. तरी लेंटचाच, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासाचा, काळ धरला, कारण सुरुवात आणि शेवट ठरलेला असला की माणूस तयार होतो.

काय केले

सकाळी पाच चाळीसला, गॅलरीजवळच्या खुर्चीवर, पंधरा मिनिटे. मोबाइल स्वयंपाकघरात, गजराला वीस वर्षे जुने टेबलावरचे घड्याळ. पवित्र शास्त्र (बायबल) छापील, कारण मोबाइलवरचे शास्त्र उघडले की वर संदेश दिसतात. दोन मिनिटे गप्प बसणे. मग एक स्तोत्र मोठ्याने वाचणे. मनात वाचायचे नाही, कारण मनात वाचताना डोळा ओळखीच्या ओळींवरून घसरत जातो. स्तोत्रे तक्रारीची निवडली: 13, 42, 77, 88, मग 51 आणि 32. स्तोत्र 88 अंधारातच संपते, शेवटी उजेडाची ओळ नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे, हे त्यांना माहीतच नव्हते. त्यानंतर वहीत एक खरे वाक्य देवाला उद्देशून. एकच. शेवटी एका माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी मागणे.

घरच्या प्रार्थनेत जुन्या वाक्यांना बंदी. ‘आलेल्यागेलेल्यांना’ हा शब्द मुलीने जाहीररीत्या बाद केला. त्याऐवजी मुलगी ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातले एक पद वाचायची, बहुतेकदा ना. वा. टिळकांचे, न गाता, कवितेसारखे. चालीवर गायले की शब्द निसटतात. मग तिघांनी एकेक वाक्य बोलायचे. “आज काही नाही” हेही चालेल.

दर मंगळवारी मावशींकडे अर्धा तास. प्रश्न तेच तीन: किती दिवस बसलात, काय लिहिलेत, कुठे अडले.

पहिल्या आठवड्यात सातपैकी चार दिवस. दुसऱ्यात सहा. आणि दुसऱ्या मंगळवारी मावशींच्या हातात एक रजिस्टर आले. स्तंभ आखलेले, स्तोत्राचा क्रमांक, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, शेरा, आणि तळाला टक्केवारी. ‘शेरा’ या रकान्यात सगळीकडे “झाले” लिहिलेले. मावशींनी ते ठेवून घेतले आणि परत दिलेच नाही. माणूस ज्या कामात तरबेज असतो त्याच कामाच्या आड देवापासून लपतो. खजिनदार खात्यात, पाळक उपदेशाच्या तयारीत. वहीतले पाच खरे शब्द रजिस्टरच्या दहा पानांहून महाग पडतात, म्हणून रजिस्टर बरे वाटते.

भावाचे प्रकरण याच काळातले. आधी चूक झाली. खजिनदारांनी भावाला मत्तय 5:23-24 लिहून एक लांबलचक व्हॉट्सअॅप संदेश पाठवला, वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याचा. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आले नाही. वचन समोरच्याला पाठवले की तो टोमणा होतो. मग पाळकांनी त्यांच्याबरोबर बसून एकच वाक्य तयार केले, त्यात ‘पण’ आणि ‘जर’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत, जमिनीचा विषय काढायचा नाही, आणि समोरून माफीची अपेक्षा ठेवायची नाही. शनिवारी, 2 मार्चला, ते एसटीने गावी गेले. ओसरीवर उभ्या उभ्याच म्हणाले, “दादा, आईच्या मातीच्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला चोर म्हणालो. ते माझं चुकलं.” भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग आत वळून म्हणाला, “चहा टाका.” त्या दिवशी एवढेच झाले.

8 मार्च ते 16 मार्च

या नऊ दिवसांत सकाळची खुर्ची रिकामी राहिली. खजिनदारांनी कारण दिले वर्षअखेरीच्या हिशेबाचे, आणि ते पटण्यासारखे होते. मावशींना ते पटले नाही, याचे कारण साधे होते: त्याआधीच्या आठवड्यातही हिशेबच चालले होते आणि तरी सहा दिवस ते बसले होते. मंगळवारी, 19 तारखेला, त्यांनी एवढेच विचारले, “आठ तारखेला काय झालं?”

त्या दिवशी सेक्रेटरींनी एक जुनी फाइल मागितली होती. सभागृहाचे पत्रे पुन्हा गळायला लागले होते आणि ऑक्टोबर 2021 मध्ये ते बदलणाऱ्या ठेकेदाराचे बिल हवे होते. बिल नव्हतेच. कोविडनंतरच्या घाईत 38,500 रुपये रोख दिले गेले, “बिल मागाहून देतो” म्हणून ठेकेदार गेला आणि मागाहून आलाच नाही. हिशेबतपासनिसाच्या भेटीच्या आदल्या रात्री खजिनदारांनी कोऱ्या कागदावर स्वतःच पावती लिहिली, एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवले आणि त्यावर ठेकेदाराच्या नावाने सही केली. स्वतः एक पैसा खाल्ला नाही. काम झाले होते, रक्कम खरी होती. खोटी होती ती सही.

मावशींनी सुरुवातीला विचारलेल्या ‘शेवटची मनापासून प्रार्थना कधी’ या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले होते, “दोनेक वर्षं झाली असतील.” आई जाऊन तर तीन वर्षे होऊन गेली होती. हा फरक कागदावर समोर होता, दोघांनी वाचला होता, आणि दोघांनीही शोकाच्या हिशेबात घालून टाकला होता.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय 6 मध्ये वेदीवरचा अग्नी विझू देऊ नये, रोज सकाळी याजकाने लाकडे घालावीत, हे वचन संजीवन सभांत पुष्कळदा ऐकू येते. त्याच्या आधीच्या दोन ओळी कमी वाचल्या जातात. लाकडे घालण्याआधी याजक तागाची वस्त्रे घालून वेदीवरची राख उचलतो, बाजूला ठेवतो, कपडे बदलतो आणि ती छावणीबाहेर नेऊन टाकतो. चूल पेटवणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. राख साठलेल्या चुलीत कितीही फुंकर घातली तरी धूरच होतो. तीन आठवडे स्तोत्रांची लाकडे घातली जात होती. ती वाया गेली असे नाही, कारण स्तोत्र 32 वाचून झाले होते म्हणूनच ही फाइल समोर आल्यावर झोप उडाली. एरवी त्यांनी “शोधतो” म्हणून आणखी दोन वर्षे काढली असती.

आता पेच मावशींचा नव्हता, पाळकांचा होता. 21 मार्चला खजिनदारांनी पाळकांना सगळे सांगितले, ते आत्मिक सल्लागार म्हणून. पण पाळक पास्टरेट कमिटीचे अध्यक्षही असतात. ऐकलेले पोटात ठेवायचे की कमिटीपुढे मांडायचे? त्यांनी रात्रभर विचार करून सकाळी सांगितले की पाप देवापुढे कबूल झाले, त्याची क्षमा मी प्रभूच्या वचनावरून जाहीर करतो. कागद मात्र मंडळीचा आहे, तो मंडळीपुढे यायला हवा आणि तो तुम्ही स्वतः आणायचा. कमिटीची सभा 6 एप्रिलला होती. तोपर्यंत ठेकेदाराला शोधून त्याच्याकडून 38,500 रुपये मिळाल्याचे त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यायचे.

मधे 28 मार्चचे पवित्र गुरुवारचे प्रभुभोजन होते. घ्यावे की नाही, हा प्रश्न खजिनदारांनीच काढला. पाळकांनी 1 करिंथ 11:28 उघडून दाखवले: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून दूर राहावे असे तिथे म्हटलेले नाही. त्यांनी प्रभुभोजन घेतले, बायकोशेजारी बसून, शेवटच्या रांगेत धावत न येता.

परिणाम

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत काही विशेष घडले नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा लिखाणात ईस्टरला अश्रू येतात. यांना झोप येत होती. पण उपदेश सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला आणि घरी जाऊन मुलीशी त्यातल्या एका मुद्द्यावर वाद घातला.

6 एप्रिलला कमिटीपुढे त्यांनी पावतीचा कागद आणि ठेकेदाराचे पत्र दोन्ही ठेवले. कार्यवृत्तात नोंद झाली, हिशेबतपासनिसाला लेखी कळवले. एका सभासदाने तिथल्या तिथे राजीनामा मागितला; बाकीच्यांनी वार्षिक सभेपर्यंत थांबायचे ठरवले. वार्षिक सभेत त्यांनी पद सोडले. एक कुटुंब अजून त्यांच्याशी बोलत नाही.

थंडी कधी उतरली याची तारीख सांगता येत नाही. मावशींच्या वहीत 23 एप्रिलच्या मंगळवारी एक ओळ आहे: “आज प्रार्थनेविषयी न विचारता बोलले.” एप्रिलअखेर पी.एच.क्यू.-9 चे गुण 3. यात झोपेचा वाटा किती, मोजणी सुटल्याचा किती, कबुलीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही, आणि काढून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सकाळचा नेम आठवड्यातून चार-पाच दिवसांवर स्थिरावला. जूनमध्ये भावाचा फोन आला, बाजरीच्या बियाण्याबद्दल. जमिनीचा निकाल लागलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

जानेवारीतले तीन आठवडे वाया गेले. थंडावलेल्या माणसाला जास्त सेवा देण्याआधी तो रविवारी उपासनेत कुठे बसतो, एवढे विचारले असते तरी पुरे होते.

ज्याच्याजवळ कबुली द्यायची तो हिशेबाच्या साखळीतला नसावा. इथे पाळकांनी निभावले, पण सुरुवातीलाच त्यांनी सांगायला हवे होते की मंडळीच्या पैशाबद्दल किंवा लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल काही कळले तर मी ते माझ्यापाशी ठेवू शकणार नाही. आधी सांगितले असते तर खजिनदार बोलले नसते, असा आक्षेप येतो. येईलही. तरी माणसाला कुठल्या दारातून आत जातो आहोत ते माहीत असावे.

‘काही लपवलेले आहे का’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारणे ही मावशींच्या मते स्वतःची चूक. ओळख होण्याआधी विचारलेल्या या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर येते आणि एकदा ‘नाही’ म्हटले की ते राखावे लागते. आता त्या हा प्रश्न चौथ्या-पाचव्या भेटीत विचारतात, आणि उत्तर तिथल्या तिथे मागत नाहीत.

पावतीची चूक एका माणसाची होती, पण ती शक्य झाली कारण रोख रक्कम एका सहीवर बाहेर पडत होती. आता पाच हजारांवरची प्रत्येक रक्कम चेकने जाते, दोन सह्यांनी, बिल आधी. हे आत्मिक काम नाही असे कुणाला वाटेल; खजिनदारांना तसे वाटत नाही.

बायकोचे म्हणणे मात्र पुरेसे ऐकले गेले नाही. दुसरी मंडळी बघण्याची तिची सूचना स्वतःच्या कोरडेपणातून आली होती, हे सप्टेंबरात कळले. तोपर्यंत सगळ्यांचे लक्ष एकाच माणसाच्या तब्येतीवर होते. सध्या मावशींकडे मंगळवारी तीही जाते, वेगळ्या वेळी.

नोव्हेंबरात खजिनदारांचे दिवस पुन्हा कोरडे जायला लागले. त्यांनी चौथ्या दिवशी मावशींना फोन केला.